बस सुरू झाली का?

माहेरी सगळे जिला धाकटी म्हणत ती आणि तिचा नवरा परक्यांची घरं राखत जगभर हिंडायचे. घरमालक बाहेरगावी जाणार, मागे मांजर, कुत्रा नाहीतर निदान चार कुंड्या ठेवणार; त्यांची उस्तवार करायची आणि त्या बदल्यात फुकट राहायचं. नोकऱ्या सोडून दोघांनी हे आरंभलं होतं. नातेवाईक याला भटकणं म्हणत. नवरा जीवनशैली म्हणे. धाकटीला दोन्ही शब्द आवडत नसत, पण सासूबाईंशी फोनवर बोलताना ती दुसरा वापरायची.

महामारीने गाठलं तेव्हा दोघं डोंगरावरच्या एका लहान गावात, एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या घरी होती. बाई मुलीच्या बाळंतपणासाठी सरहद्दीपलीकडे गेल्या आणि तिकडेच अडकल्या. नातवंड रांगायला लागलं, चालायला लागलं, तरी बाई तिकडेच. इकडे ही दोघं त्यांच्या घरात ऐसपैस पसरली. आधी वरच्या पाहुण्यांच्या खोलीत होती. थंडी वाढली तशी ऊब हवी म्हणून खाली बाईंच्या झोपायच्या खोलीत आली. बाईंचे कपडे खोक्यात गेले, खोकी माळ्यावर गेली. स्वयंपाकघरातले डबेही हळूहळू धाकटीच्या सोयीने लागले. विचारायचं राहूनच गेलं.

बाईंचा एक म्हातारा कुत्रा होता. सकाळी उठून प्रत्येक खोलीत डोकावून आल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून नवऱ्याने त्याचं नाव कारभारी ठेवलं. त्याचं खरं नाव दोघांच्या जिभेवर कधी चढलंच नाही. एकमेकांशी बोलायचा कंटाळा आला की दोघं कारभाऱ्याशी बोलत, आणि कंटाळा तर रोजच यायचा. ये रे राजा, खाली बैस, आता झोप गपचूप. बिचारा सगळं ऐकायचा, सगळं करायचा. "पक्का मराठी झालाय हा," नवरा कौतुकाने म्हणायचा.

दर रविवारी बाईंचा फोन येई. दोघींनाही जेमतेम येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत बोलणं चाले. सरहद्द उघडली, पायथ्याच्या स्टेशनापर्यंत रेल्वे येऊ लागली, तेव्हापासून बाईंचा एकच प्रश्न असे. "बस सुरू झाली का?" स्टेशनापासून वर गावात यायला ती एकच बस होती. गावातल्या एकुलत्या टॅक्सीवाल्याने टाळेबंदीच्या काळात गाडी विकून टाकली होती. बस डेपोत फोन कोणी उचलत नव्हतं. शेजारचे घराला कुलूप लावून मुलांकडे गेलेले, मग बाईंनी विचारायचं तरी कोणाला? त्यांचा या दोघांवर विश्वास होता.

"अजून नाही," धाकटी सांगायची, आणि बस नव्हती तोवर ते खरंही होतं.

मग एका रविवारी फोन चालू असतानाच बस समोरच्या रस्त्यावरून गेली. ती तीन-चार दिवसांपासून जात होती. वळणावर ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न वाजवला.

"हा कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

नवरा खिडकीपाशी उभा होता. त्याने मान जोरात हलवली, नाही म्हण, नाही म्हण.

"ट्रक," धाकटी म्हणाली. "भाजीचा."

"माझ्या कुत्र्याचं वय झालंय गं," बाई म्हणाल्या. "मी पोचायच्या आत तो गेला तर? रोज हेच मनात येतं."

"छे हो! खणखणीत आहे तो. तुम्ही काळजी करू नका."

फोन ठेवल्यावर धाकटी नवऱ्यावर उखडली. "म्हाताऱ्या बाईशी खोटं बोलायला लावलंस मला."

"मग खरं सांग आणि बॅगा भर," तो म्हणाला. "जायचं कुठे? घर राखायला कोण बोलावतंय आता? लोक स्वतःच घरात बसलेत. का तुझ्या दादाच्या अडगळीच्या खोलीत जाऊन राहायचं? वहिनी ओवाळूनच घेईल आपल्याला."

वहिनीचे टोमणे तिला इथूनही ऐकू येत होते. दुसरीकडे जागा मिळाली की लगेच सांगू, असं दोघांनी ठरवलं. पुढच्या रविवारी खोटं बोलणं सोपं गेलं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तर बाईंनी विचारायच्या आतच धाकटीने सांगून टाकलं. जागा काही मिळाली नाही. खरं सांगायचं तर, फारशी शोधलीही नाही.

एका दुपारी कारभारी फाटकाकडे तोंड करून भुंकू लागला. अनोळखी माणसावर भुंकायचा तसा, छाती काढून. धाकटी हात पुसत बाहेर आली. फाटकाला धरून मास्तरीणबाई उभ्या होत्या. मास्क हनुवटीखाली ओढलेला, बुटांवर धूळ, खांद्याला जड पिशवी. धापा टाकत होत्या.

"बसची वाट बघत बसले असते तर आणखी किती दिवस गेले असते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, जाऊ हळूहळू चालत."

पायथ्यापासून वरपर्यंत सगळा चढ होता. बाईंचे गुडघे दुखतात हे धाकटीला माहीत होतं, दर रविवारी त्याचीही चौकशी ती करायचीच.

"दगडावर बसत बसत आले," बाई पुढे म्हणाल्या. "वाटेत बस गेली शेजारून. मी हात केला. पण तिथे थांबा नाही ना."

नवरा मागून आला होता. "आजच सुरू झाली असेल," तो म्हणाला.

आयुष्यभर पोरांच्या सबबी ऐकलेल्या त्या बाईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. "असेल," त्या म्हणाल्या. तेवढंच. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर धाकटीने आनंदाने ऐकून घेतल्या असत्या.

मग बाई गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा खाली बसल्या आणि कुत्र्याला हाक मारली. त्याच्या खऱ्या नावाने, स्वतःच्या भाषेत. तो गुरगुरत मागे सरकला आणि धाकटीच्या पायांमागे लपला. बाईंनी पुन्हा हाक मारली. पिल्लू असल्यापासून ज्या शब्दांनी त्याला लाडावलं असेल ते सगळे शब्द एकामागून एक वापरून पाहिले. तो तिथूनच टकामका बघत राहिला.

"तुम्ही कसं बोलावता याला?" बाईंनी विचारलं.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ये रे राजा," ती पुटपुटली. कारभाऱ्याला वाटलं आपल्यालाच बोलावलं, तो तिच्या पोटऱ्यांना अंग घासू लागला.

"ये... रे... राजा," बाई म्हणाल्या. उच्चार पार वेडेवाकडे. पुन्हा म्हणाल्या. कुत्र्याने कान टवकारले आणि धाकटीकडे बघितलं, जाऊ का म्हणून.

"जा," धाकटी म्हणाली. "अरे जा ना रे."

तो गेला. धुळीचे बूट हुंगले, डोक्यावर हात ठेवू दिला. आल्यागेल्याला ठेवू द्यायचा तसाच. बाई मात्र ते परके शब्द पुन्हा पुन्हा म्हणत त्याला थोपटत राहिल्या, आणि त्यांचे डोळे वाहत होते. धाकटीला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडाने बसणार?

घरात शिरल्यावर बाई सरळ आपल्या खोलीकडे गेल्या आणि दारातच थांबल्या. पलंगावर नवऱ्याची विजार पडली होती. खुंटीला धाकटीची ओढणी. आरशाला यांच्या सहलींचे फोटो चिकटवलेले.

"आम्ही आत्ता सगळं आवरतो," धाकटी घाईघाईने म्हणाली.

"मग जाणार कुठे?"

"बघू," नवरा जमिनीकडे बघत म्हणाला.

बाईंनी मागे वळून कुत्र्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "इतक्यात जाऊ नका. तुम्ही गेलात तर तो जेवायचा नाही. त्याला माझी सवय होईपर्यंत राहा. तुमची खोली राहू दे. मी वर झोपेन."

तुमची खोली. धाकटीच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. अगदी आलं होतं. बाईंचे सुजलेले पाय तिच्या डोळ्यांसमोर होते, जिना समोर होता. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही.

"चालेल," धाकटी म्हणाली.

नवरा पिशवी घ्यायला पुढे झाला. बाईंनी ती दिली नाही. एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत त्या वर चढू लागल्या, आपल्याच घरातल्या पाहुण्यांच्या खोलीकडे. धाकटी तिथेच खाली मान घालून उभी राहिली.