रस्ता स्वच्छ होता

“अपघाताच्या जागी रस्ता कोरडा, मोकळा आणि स्वच्छ होता. वळणावर रंगवलेली अक्षरे मागील शर्यतींच्या वेळची व झिजलेली होती. सबब, अपघात केवळ स्पर्धकाच्या बेपर्वाईमुळे घडला.”

सायकल-शर्यतीच्या चौकशी समितीचे हे निवेदन कवळ्या करणाऱ्या कारागिराने चहा निवत ठेवून बायकोला वाचून दाखवले आणि लगेच त्याची चिरफाड सुरू केली. कोरडा? ते वळण डोंगराच्या सावलीत आहे, दगडांतून पाझर चालू असतो. समितीतल्या एकाही सभ्य गृहस्थाने तिथे गुडघे टेकून रस्त्याला हात लावलेला नाही. मोकळा? स्पर्धकापुढे छायाचित्रकाराची मोटारसायकल होती, ती ऐन वळणावर मंदावली, हे साऱ्यांनी पडद्यावर पाहिले. बेपर्वाई? ज्याने सारी उमेद दुसऱ्याला वाऱ्याचा आडोसा देण्यात घालवली, त्याला बेपर्वा म्हणायला जीभ कशी रेटते? वर्तमानपत्राला धाडायचे हे खंडन मुद्देसूद होते. त्यात उपरोध होता, आवेश होता, आणि योग्य जागी भरून आलेला गळाही होता.

बायको न्यायालयात लघुलेखिका होती. साक्षीदारांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेण्यात तिचे केस पिकले होते, आणि त्या नोकरीने तिला एक वाईट खोड लावली होती. माणूस काय बोलतो यापेक्षा कशाला वळसा घालतो, हे तिच्या कानाला आधी कळे. नवऱ्याने ‘कोरडा’ सोलला, ‘मोकळा’ सोलला. ‘स्वच्छ’ला त्याने नख लावले नाही.

“आणि स्वच्छ?” तिने विचारले.

“त्यात काय? स्वच्छच होता की.”

“आणि ती अक्षरं?”

“अगं, ती जुनी. घाट चढून येणाऱ्यांसाठी लिहिलेली. समितीनंही तेच म्हटलंय. त्या एका मुद्द्यावर आमचं एकमत आहे.”

“विरुद्ध पक्षाशी एकमत झालेला साक्षीदार जरा नीट न्याहाळावा लागतो.”

“कोर्ट कोर्टात ठेवून येत जा.”

तिने निवेदनाची घडी घातली. या घरात शर्यतीविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार तिला कधीच नव्हता.

शर्यतीचे दिवस आले की नवऱ्याची कार्यशाळा बंद होई. शहरातली कित्येक तोंडे तेवढे दिवस बोळकीच राहत, आणि कुणी वृद्ध बाई दारात येऊन पोकळ तोंडाने कवळीची चौकशी करू लागली, तर आतून उत्तर येई, “आजी, आज घाट आहे!” बैठकीच्या खोलीतल्या कपाटात स्पर्धकांनी धावत्या सायकलवरून फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. एकीच्या तळाशी कुणाच्या तरी तोंडचे पाणी उरले होते. ते हिरवे पडले होते, पण ओतून टाकायची मुभा नव्हती. कोपऱ्यावरचा औषधवाला हा नवऱ्याचा शर्यतमित्र. तो म्हणे, “वहिनी, याला बायको नको होती, हँडल हवं होतं.” नवरा खो खो हसे. हँडलाला निदान दोन्ही हातांनी धरावे लागते, असे तिच्या ओठांवर येई आणि तिथेच राही.

विजेत्यांचे त्याला कौतुक नव्हते. विजेता साऱ्यांचाच असतो. त्याच्यावर प्रेम करण्यात स्वतःची अशी काही चमक दिसत नाही. त्याने निवडला होता एक पाणक्या. प्रत्येक संघात असे काही असतात. नायकाच्या पुढे राहून वारा छातीवर घ्यायचा, मागे पडून संघाच्या मोटारीतून बाटल्या अंगरख्यात कोंबून आणायच्या, त्या नायकाला पाजायच्या आणि शेवटच्या चढावर वाळल्या पानासारखे गळून पडायचे, एवढेच त्यांचे काम. या त्यागावर नवरा तासतास बोले, डोळे पुसे. स्वतःच्या घरात पाण्याचा पेला उचलून घेण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता, ही बाब त्या व्याख्यानात येत नसे.

दर वर्षी घाटातल्या त्याच वळणावर तो पाणक्याचे नाव रस्त्यावर रंगवी, वरून हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यात यावे इतके मोठे. एकदा संघाच्या बसजवळ त्याला गाठून त्याने हात धरून शब्द मागितला होता, “माझ्या वळणावर आलात की नावावरनंच जायचं.” ज्याचे नाव आजवर कोणी भिंतीवरही लिहिले नव्हते, त्या माणसाने शब्द दिला आणि तो पाळला.

यंदा आयोजकांनी मार्ग फिरवला. जो घाट स्पर्धक धापा टाकत चढत, तो यंदा त्यांनी वाऱ्याच्या वेगाने उतरायचा होता. औषधवाला आणि बाकीचे शौकीन शहाणपणाने दुसऱ्या डोंगरावर गेले. नवरा एकटाच जुन्या वळणावर गेला. “आपली जागा सोडायची नसते,” तो म्हणाला. परत आला तो वार्ता घेऊन. पाणक्या तिथेच घसरला होता, त्याच्या अंगावरून नायक पडला होता. नायक कपडे झटकून उठला. पाणक्याचे खुब्याचे हाड मोडले. समितीने बेपर्वाईचा ठपका ठेवला, संघाने समितीचे आभार मानले आणि पाणक्याला काढून टाकले. ठपका कायम राहिला तर दुसरा कोणताही संघ त्याला दारात उभे करणार नव्हता. फेरसुनावणी व्हायची होती, आणि तिच्या आदल्या दुपारी पाणक्या स्वतः, काठी टेकत, आपल्या कैवाऱ्याला भेटायला आला.

वयाने तो फारसा मोठा नव्हता, पण उन्हाने त्याचा चेहरा जुन्या चामड्यासारखा झाला होता. तिने खुर्ची पुढे केली. नवऱ्याने त्याला बसू दिले नाही. आधी कपाट दाखवले. मोडक्या खुब्यावर भार टाकून पाणक्या एकेक बाटली पाहत राहिला.

“ही माझी?”

“तुमचीच. धुतलेलीसुद्धा नाही!”

“दादा,” खुर्चीत टेकल्यावर तो म्हणाला, “इतकं माझ्या सख्ख्या भावानंही केलं नसतं. पेपरात आलेलं तुमचं ते खंडन मी बायकोला वाचून दाखवलं. रडली ती.”

“अहो, कर्तव्यच आहे आमचं.”

“फक्त एक गोष्ट त्यात नाही. ती मी कुणाला सांगितली नाही.” त्याने काठी मांडीवर आडवी घेतली. “चाक घसरलं तेव्हा रस्ता एकदम काचेसारखा लागला. समितीला सांगितलं तर हसले. म्हणाले, काचेचे रस्ते आम्ही बांधत नाही. मग मीच विचार केला. मी तिथे गेलोच का? उतारावर आपलं नाव असेल असं ध्यानीमनी नव्हतं. वळलो तर समोर दिसलं. आपली वाट सोडून त्याच्यावरनं गेलो. शब्द दिला होता ना तुम्हाला. माझं लक्ष नावात होतं, दादा. म्हणजे बेपर्वाईच झाली की. उद्या तसं सांगून टाकावं म्हणतो.”

ती चहा घेऊन आली होती. ट्रे हातातच राहिला. आता नवरा काय बोलतो याकडे तिचे सारे लक्ष लागले. एका वाक्याने हा माणूस वाचणार होता, आणि ते वाक्य कोणाच्या घशात अडकले आहे याचा तिला अंदाज येऊ लागला होता.

नवऱ्याने घसा साफ केला.

“सांगून टाका,” तो म्हणाला. “अगदी मोकळ्या मनानं. चूक कबूल करणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात. तुमचा मोठेपणाच दिसेल त्यात. मी लेख लिहीन त्याच्यावर.”

“सायकल सुटेल मग.”

“सायकल काय, कधीतरी सुटतेच सगळ्यांची.”

पाणक्याने मान हलवली. आयुष्यभर हुकूम ऐकण्याची सवय असलेल्या माणसाची ती मान होती. तिने ट्रे खाली ठेवला.

“भाऊ, एक विचारू?” ती म्हणाली. “तुम्ही नाव वाचलंत म्हणता. सरळ वाचता आलं?”

“म्हणजे, वहिनी?”

“खालून चढत येणाऱ्यासाठी लिहिलेलं नाव वरून उतरणाऱ्याला उलटं दिसतं. तुम्हाला कसं दिसलं?”

“अगं, त्यांना आराम करू दे,” नवरा म्हणाला. “चहा निवतोय.”

“सरळ दिसलं,” पाणक्या सावकाश म्हणाला. “अक्षरांचे पाय माझ्याकडे होते. अगदी माझ्यासाठीच लिहिल्यासारखं.”

“झिजलेलं होतं?”

“छे! चकाकत होतं. इतकं सुंदर माझं नाव मी कधी...” तो तिथेच थांबला.

समितीने अपघाताचे चित्रण हेलिकॉप्टरमधून पाहिले होते, आणि आकाशातून पाहणाऱ्याला चढ काय नि उतार काय, सारखाच. त्या वळणावर नाव असतेच, म्हणून ते जुनेच असणार, असा निष्कर्ष विद्वानांनी काढला. घाट यापूर्वी कधी उतरला गेला नव्हता. उतरणाऱ्याला सरळ दिसेल असे नाव यंदाच, आणि याच वळणाला आपले म्हणणाऱ्या माणसानेच लिहिलेले असू शकत होते. एवढे समजायला समिती लागत नव्हती.

“दादा?” पाणक्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला असह्य झाले.

नवरा कपाटाकडे पाहू लागला. “तुम्ही दोघं मिळून काय सुचवताय, मला समजत नाही. मी यांच्यासाठी रक्त आटवलंय.”

तिने पर्समधून वही आणि पेन्सिल काढली. न्यायालयात ती हेच शिकली होती की अडकलेल्या साक्षीदाराला प्रश्न विचारायचा नसतो. पेन्सिल कागदावर टेकवून वाट पाहायची असते. तिने वाट पाहिली.

“लिहिणार आहेस? आपल्याच घरात?”

तिने पानावर तारीख घातली.

“उद्या तिकडे नेऊन वाचणार?”

“जसंच्या तसं.”

त्याने एकदा पाणक्याच्या खुब्याकडे पाहिले, एकदा बाटल्यांच्या रांगेकडे. मग तिच्या पाहण्यात पूर्वी न आलेली एक गोष्ट घडली. त्याचे खांदे सैल पडले, आणि चेहऱ्यावर, ज्याची वाखाणणी आजवर कोणीच केली नाही अशा कारागिराचा अभिमान उमटला. तो बोलत गेला. ती लिहीत गेली. दुसऱ्या दिवशी समितीपुढे तिने वाचले ते, एकही शब्द न गाळता, असे:

“लिही. जुनी अक्षरं मीच घासून काढली आणि उतारावरनं वाचता यावीत म्हणून उलट्या बाजूनं नवी काढली. आधी ऑइलपेंट, त्याच्यावर वार्निश, कवळीला शेवटचा हात देतो तसा. वार्निश वाळलं नव्हतं. बोट लावून पाहिलं होतं मी. हे त्याच्यावरनंच जाणार हेही ठाऊक होतं, शब्दच घेतला होता. पुसायला वेळ होता. फडकंही हातात होतं. पण वर हेलिकॉप्टर आलं, आणि नाव असं काही झळकायला लागलं की हात उचलेना. हे पडले तेव्हा मी आधी अक्षरं खराब झाली का ते बघितलं. मग यांना.”