पियानोची पहिली

नऊ वर्षं बिनपगारी नोकरी करणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात? सर म्हणतात! प्रेमदासलाही अख्खा तांडा सर म्हणायचा आणि त्याची बायको मिना गावाची पोलकी शिवून त्या सरांना दोन वेळ जेवू घालायची. औंढ्याच्या रस्त्यावरच्या आश्रमशाळेत तो कार्यानुभवाचा शिक्षक होता. पण हे पद शाळेच्या फळ्यावर होतं, सरकारच्या कागदावर नव्हतं. महिना संपला की मिना विचारायची, "आलं का काही?" आणि हा मान खाली घालून म्हणायचा, "फाईल वर गेली हाय." नऊ वर्षांत ती फाईल इतकी वर गेली असेल, की तिला आता ढगच लागले असतील.

मग दोन हजार तीन साली शाळेत पियानो आला. मागितला कोणीच नव्हता. मुंबईच्या कुण्या बाईंना घर रिकामं करायचं होतं, आणि संस्थेचे अध्यक्ष भावसिंग फुकटच्या वस्तूला जन्मात नाही म्हणाले नव्हते. ट्रकमधून तो उतरवायला नऊ माणसं लागली, त्यातल्या एकाची कंबर धरली. वर्गाच्या दारातून तो काही आत जाईना, म्हणून कोठीघरात ज्वारीच्या पोत्यांशेजारी टेकवला. भावसिंगांनी त्याच्यासोबत फोटो काढून वर पाठवला. महिन्याभरात उत्तर आलं: वाद्य आहे तर संगीत शिक्षकाचं पद देता येईल, मात्र शिक्षकाकडे याच वाद्याची परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र हवं.

"प्रेमदास, तुमची बोटं लांब हायेत," भावसिंग म्हणाले. "तुमीच बसा."

झालं! बोटं लांब म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी माणूस पियानो शिकायला बसला. औरंगाबादहून पहिल्या श्रेणीचं पुस्तक मागवलं. त्यावर फुगा धरलेल्या अस्वलाचं चित्र होतं. आत तीन धडे आणि स्केली, म्हणजे सुरांचे चढउतार. सोबत एक कॅसेट. शिकवायला कळमनुरीच्या बँडमधला क्लॅरोनेटवाला जळबा यायचा. त्याला पुस्तकातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण कॅसेट एकदा ऐकली की तो सगळं सारेगमत सांगायचा.

पहिल्याच दिवशी जळबानं सी मेजरची स्केल वाजवायला लावली. सा वाजला, रे वाजला, ग वाजला. म च्या पट्टीवर बोट दाबलं तर नुसतं टक्क. प वाजला. ध पुन्हा टक्क. झाकण उघडून बघितलं, तर आत उंदरांनी बाळंतपण उरकलेलं! खालचं सप्तक धड, वरचंही धड, पण मधल्या घरातल्या नेमक्या या दोन पट्ट्या मुक्या. आणि पहिल्या श्रेणीचे तिन्ही धडे त्याच घरात फिरत होते.

दुरुस्तीवाला हैदराबादेत आणि परीक्षा सहा महिन्यांवर. जळबानं डोकं खाजवलं. "बँडमधी एखादा गडी न्हाई आला, तर आमी काय करतो? त्याचा सूर दुसरा कुणी तरी तोंडानं धरतो. बराबर तसंच करू. मुक्या पट्टीवर दाबू नका, बोट उचला. तिथं माणूस गाईल."

ध मिळाला जनकाबाईंना. त्या शाळेच्या स्वयंपाकीण; दोनशे लेकरांना जेवायला हाका मारून गळा असा तयार झालेला, की ध लावला तर पोत्यावरची धूळ हलावी. म साठी बाईचाच आवाज हवा, असं जळबाचं म्हणणं पडलं. भावसिंगांनी मिनाला बोलावणं धाडलं.

मिना आली ती फणफणतच. "नऊ वर्षं तुमच्यापायी शिवून राहिले. आता तुमच्यापायी ओरडू बी?"

"ओरडायचं न्हाई, वहिनी. म म्हणायचं," जळबा म्हणाला.

पण बसली. रोज पाच वाजता उजव्या हाताला पोत्यावर मिना, डाव्या हाताला कणकेच्या हातांनी जनकाबाई, आणि मधे प्रेमदास. सा, रे, ग वाजवायचा, बोट उचलून उजवीकडे बघायचा, मिना म्हणायची, "मऽ." प वाजवायचा, डावीकडे बघायचा, जनकाबाई म्हणायच्या, "धऽ." वरण चुलीवर असलं की त्यांचा ध आधीच यायचा आणि जळबा कपाळ बडवून घ्यायचा. येताना स्केल उलटी फिरली की माना पण उलट्या फिरायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सर टेनिस बघून राहिले.

प्रेमदासला मात्र त्या पाच वाजण्याची ओढ लागली. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण मिना रोज तासभर आपल्याशेजारी बसते, आपल्या बोटांकडे बघते आणि आपण मान वळवली की नेमकी हजर असते, हे सुख त्याला ठाऊकच नव्हतं. भांडण झालेल्या दिवशीही ती म चुकवायची नाही. फक्त त्या दिवशी म जरा जोरात यायचा.

परीक्षेला औरंगाबादला तिघंही गेले. "अख्खा सेट जाऊ द्या," असं भावसिंगांनीच फर्मावलं होतं. हॉलबाहेर सहा-सहा वर्षांची लेकरं फ्रॉक आणि बूट घालून बसली होती. यादीवाल्या माणसानं विचारलं, "तुमचं मूल कुठाय?"

"मूल न्हाई. मीच हाय," प्रेमदास म्हणाला.

त्या माणसानं यादीत बघितलं, मग प्रेमदासच्या मिशांकडे बघितलं. वर म्हणाला, "आत एकालाच सोडतो. बायकांनी बाकावर बसायचं."

याचा विचार सहा महिन्यांत एकाच्याही डोक्यात आला नव्हता! मिनानं हळूच त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "जावा. आमी हितंच हावोत."

आत पिकल्या केसांच्या परीक्षक बाई होत्या आणि आरशासारखा काळा पियानो. "सी मेजर," बाई म्हणाल्या. प्रेमदासनं सा, रे, ग वाजवलं, बोट उचललं आणि उजवीकडे बघितलं. उजवीकडे भिंत होती. प वाजवला, डावीकडे बघितलं. डावीकडे पाण्याचा माठ होता. स्केल संपली, दोन भोकं तशीच राहिली.

"पुन्हा वाजवा," बाई चष्मा पुसत म्हणाल्या.

या खेपेला म आणि ध वाजवायचेच, असं ठरवून तो सुरू झाला. पण सहा महिन्यांची सवय ती! म आला की बोट भाजल्यासारखं आपोआप वर. नऊ वर्षं गेली पाण्यात, आता दहावंही गेलं, असं वाटून त्याचे डोळे भरले.

तेवढ्यात बंद दाराबाहेरून आलं, "मऽऽ!" आणि प नंतर, दार हादरेल असा, "धऽऽ!"

बाई उठल्या. दार उघडलं, तर बाकावर दोन बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. मग प्रेमदासनं उंदरांपासून सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. बाईंनी त्याचं बोट धरून म च्या पट्टीवर दाबलं. पट्टी वाजली! तो असा दचकला, की स्टूल मागं सरकलं. बाई हसू दाबत नियमांचं पुस्तक चाळू लागल्या.

"खोलीत दुसरं कुणी नको, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "खोलीबाहेरचं काहीच लिहिलेलं नाही. दार उघडंच राहू द्या."

आणि मग तीन धडे झाले. आत पियानो, बाहेर म आणि ध, आणि लेकरांच्या आया आ वासून उभ्या. तिसऱ्या धड्यात कसं कोण जाणे, प्रेमदासचं बोट आपसूक म वर गेलं. पियानो आणि मिना एकदमच वाजले. दोन्ही सूर इतके एक झाले, की त्याला कुठला कुणाचा तेच कळेना. तो हसला, आणि पुढच्या दोन मात्रा चुकला.

पास झाला! काठावर, पण पास. भावसिंगांनी पेढे वाटले. प्रमाणपत्रासोबत बाईंचा शेरा होता: वादन प्रामाणिक आहे, मात्र या उमेदवाराला वाजवताना दोन गाणाऱ्या मदतनीस लागतात. भावसिंगांनी दोन्ही कागद वर पाठवले.

चार महिन्यांनी वरून आदेश आला. भावसिंगांनी तो तिघांना समोर बसवून वाचला. सूर सहायक, पदं दोन: जनकाबाई आणि मिनाबाई, पूर्ण पगार, ताबडतोब रुजू व्हावं. संगीत शिक्षक, पद एक: उमेदवार एकूण आठांपैकी पहिलीच श्रेणी पास असल्यानं, उरलेल्या सात पास होईपर्यंत विनावेतन.

भावसिंगांनी आदेश उलटा करून बघितला. मागं काही नव्हतं. मग त्यांनी उठून कोठीघराला कुलूप ठोकलं, किल्ली जनकाबाईंच्या हाती दिली आणि बजावलं, "पियानो दुरुस्त करायला कुणी आला, तर तंगडं मोडीन! पट्ट्या बोलायला लागल्या, की दोन पगार गेले."

पगार झाला त्या संध्याकाळी मिना पाचाच्या ठोक्याला आली. हजेरीवर सही केली आणि पिशवीतून दुसऱ्या श्रेणीचं पुस्तक काढून पियानोवर ठेवलं. प्रेमदासनं ते उघडलंसुद्धा नाही.

"बस झालं, मिना. लाज वाटून राहिली. अजून सात परीक्षा! तोवर काय तुझ्या जिवावर बसून खाऊ?"

"तुमी न्हाई वाजवलं, तर मी म्हणू कशात? माझी नोकरी जाईल की." मिना पोत्यावर टेकली, पदर सावरला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नऊ वर्षं मी मशीनवर बसले. तवा कुणी इचारलं का, लाज वाटते का म्हणून? बसा."

प्रेमदासनं स्टूल पुढं ओढलं. सा, रे, ग वाजवलं, बोट उचललं आणि उजवीकडे बघितलं.