आम्ही काही विचारणार नाही

“जी लेखणी समाजाच्या दारात जात नाही, ती लेखणी नव्हे, नुसती काडी!” असं गरजून सरांनी टेबलावर मूठ आपटली. टेबल डगमगलं, पाण्याचा पेला कलंडला आणि ज्या कागदावरून सर हे वाक्य वाचत होते तो भिजून गेला. पुढचं वाक्य त्यांना पाठ नव्हतं.

वर्गात अकरा जण होते. त्यांतले चार जागे झाले.

“म्हणजे नक्की कुणाच्या दारात, सर?” पहिल्या बाकावरच्याने विचारलं.

“ते प्राचार्यबाई ठरवतील,” सर म्हणाले आणि रुमालाने समाज पुसू लागले.

महाविद्यालयाने यंदा नवा नियम काढला होता. लेखनाच्या प्रत्येक वर्गाने गावातल्या एका संस्थेशी जोडून घ्यायचं, तिचं काही लेखी काम करून द्यायचं आणि सत्र संपताना तिच्याकडून ‘उपयोग झाला’ असं पत्र आणायचं. पत्र आलं नाही तर वर्ग बंद, आणि सरांची रवानगी पार्किंग समितीवर. बावीस वर्षं ललित लेखन शिकवलेल्या माणसाला स्कूटरी रांगेत लावायला सांगणं म्हणजे मोराला कावळ्यांची हजेरी घ्यायला लावणं, असं सरांचं मत होतं. मोर कोण, हे ते सांगत नसत.

संस्था चिठ्ठ्या टाकून वाटल्या गेल्या. कुणाला वाचनालय मिळालं, कुणाला अग्निशमन दल. सरांनी आपली चिठ्ठी उघडली, वाचली, उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

“बदलून मिळेल का?”

“का हो? तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर तर आहे,” प्राचार्यबाई म्हणाल्या.

म्हणूनच, हा शब्द सरांनी चहाबरोबर गिळला.

चिठ्ठीवर होतं ते आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू उसन्या देणारं केंद्र. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, वरखाली होणारे पलंग. तिथूनच सरांनी आईसाठी वॉकर नेला होता, तीन महिन्यांच्या बोलीवर. आईला जाऊन आता दोन वर्षं होऊन गेली होती. वॉकर मात्र तिच्या पलंगाशेजारी होता तिथेच होता. डाव्या मुठीशी तिने कपड्यांचा एक चिमटा लावून ठेवला होता. त्यात ती रोजच्या शब्दकोड्याचं कात्रण अडकवायची आणि चालता चालता मुलाला अडलेले शब्द विचारायची. हल्ली सर त्या वॉकरवर इस्त्रीचा शर्ट टाकत. सोयीचं पडतं, असं ते स्वतःला सांगत. घरात कपाट होतं आणि कपाटात हँगर होते, ही गोष्ट अलाहिदा.

केंद्राचं दार टाळायला सर दोन वर्षं पलीकडच्या फुटपाथने जात होते. त्या फुटपाथवर एक कुत्रं होतं आणि ते सरांवर न चुकता भुंकायचं. कुत्रं परवडलं, असा सरांनी हिशेब केला होता.

केंद्र चालवणाऱ्या बाई एकेकाळी मोठ्या रुग्णालयात नर्स होत्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांना सगळे सिस्टरच म्हणत, आणि त्याही अजून प्रत्येकाकडे ताप बघितल्यासारख्या बघत.

“या सर. अहो, त्या खुर्चीत नको, ती आत्ता जायची आहे. बाकावर बसा.”

त्यांनी ओळखलं की नाही, हे सरांना कळेना. सर बाकाच्या कडेला बसले आणि वर्ग त्यांच्यामागे भिंतीला लागून उभा राहिला.

“काम एकच आहे,” सिस्टर म्हणाल्या. “वस्तू जातात, परत येत नाहीत. मला एक पत्र लिहून द्या. वस्तू नेऊन सहा महिन्यांवर झाले अशी तेहतीस घरं आहेत.”

“फोन का नाही करत?” पहिल्या बाकावरच्याने विचारलं.

“केले की. फोन केला की काय म्हणायचं? ‘वॉकर लागतोय का अजून?’ म्हणजे सरळच विचारलं, तुमचा माणूस आहे का अजून. पलीकडे बाई रडायला लागते, मग मीच म्हणते, राहू दे हो, सावकाश आणा.” त्यांनी एका कुबडीचं रबर पिळून घट्ट बसवलं. “आमच्याकडे एकच रीत आहे. वस्तू परत आली की काही विचारायचं नाही. विचारलं की पुढचा माणूस ती दारात टाकून पळतो.”

तेवढ्यात दारात एक बाई डोकावली. तिच्या हातांना वाळलेलं सिमेंट होतं.

“आला का हो वॉकर?”

“नाही गं. आला की निरोप धाडते.”

बाई गेली. “नवरा गवंडी आहे तिचा,” सिस्टर म्हणाल्या. “परांचीवरून पडला, कंबर गेली. भिंत धरून चालतो. भिंत त्यानेच बांधलेली, म्हणून भरवसा आहे म्हणतो.”

वर्ग हसला. सरांना मात्र बूट घट्ट होत असल्याचा भास झाला.

पत्राचा मसुदा सरांनी स्वतःच केला. विद्यार्थ्यांवर सोपवण्याइतकं काम हलकं नव्हतं. ‘काळाच्या अथांग प्रवाहात आपलं प्रिय माणूस पैलतीरी निघून गेलं असताना’ अशी त्याची सुरुवात होती आणि ‘त्यांच्या पावन स्मृतीस वंदन करून’ असा शेवट. मधे कुठेतरी वॉकर होता.

“सर,” शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला, “पण सगळेच गेलेत असं कुठे आहे?”

या मुलीचे वडील घरोघर विजेचे मीटर बघत फिरायचे, आणि तिच्या घरात कुणी आकड्यापेक्षा जास्त बोलत नसावं. तिच्या प्रत्येक निबंधावर सर लाल पेन्सिलीने ‘भाषा कोरडी’ असं लिहीत आले होते.

“सहा महिने वस्तू परत नाही, यातच सगळं आलं,” सर म्हणाले. “भावना समजून घे जरा.”

पाकिटांवर पत्ते घालायचं काम तिच्याकडेच होतं. एकोणिसाव्या पाकिटाशी ती थांबली.

“सर, हा पत्ता तुमच्या गल्लीतला आहे.”

“गल्लीत पुष्कळ लोक राहतात.”

“हो सर,” ती म्हणाली आणि पाकीट गठ्ठ्यात सरकवलं.

तिसऱ्या दिवशी ते पत्र सरांच्या घरी आलं. सरांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. वाचून त्यांना फार बरं वाटलं. ‘अथांग प्रवाह’ तर छापून आल्यासारखा दिसत होता. त्यांनी पत्राची नीट घडी घालून ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि सवयीने शर्ट वॉकरवर टाकला.

आठवडाभरात एकही वस्तू परत आली नाही. आले ते एक आजोबा. वॉकर घेऊन, पत्र दातांत धरून, दारातूनच ठकठक करत. वर्ग त्या दिवशी केंद्रात होता.

“मला श्रद्धांजली कुणी वाहिली?” पत्र दातांतून काढून आजोबांनी विचारलं.

पहिल्या बाकावरचा चाकाच्या खुर्चीमागे गेला.

“आजोबा, बसा आधी. पाणी देते,” सिस्टर म्हणाल्या.

“बसायला नाही आलो. मी आहे, हे दाखवायला आलोय. लिहून घ्या कुठेतरी. हा वॉकर मी देणार नाही, मला लागतो.” मग त्यांनी श्वास घेतला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. “भाषा मात्र झकास आहे हो. आमच्या हिने दोनदा वाचून दाखवलं. माझ्याबद्दल इतकं बरं तिच्या तोंडून पन्नास वर्षांत निघालं नव्हतं.”

आजोबा गेले तरी त्यांची ठकठक रस्त्यावर बराच वेळ ऐकू येत होती. सर मान खाली घालून ती ऐकत राहिले. त्यांच्या घरातही असाच आवाज होता एकेकाळी, स्वयंपाकघरातून निघाला की त्यांच्या खोलीपर्यंत यायला त्याला चांगली चार मिनिटं लागायची, आणि सर आतूनच ओरडायचे, “आई, सावकाश!”

“सर,” सिस्टर म्हणाल्या, “सत्र संपायला किती दिवस राहिले?”

“पंधरा.”

“मला पत्र द्यायला काही नाही. पण उपयोग झाला असं लिहायचं तर तो थोडा तरी व्हायला हवा ना.”

सरांनी वर्गाकडे पाहिलं. पहिला बाक छताकडे बघत होता. शेवटच्या बाकावरच्या मुलीने वहीतून घडी घातलेलं एक पान काढलं आणि सरांपुढे धरलं. ते पान बरेच दिवस वहीत असावं. घड्यांवर मळ धरला होता.

*नमस्कार. आमच्या केंद्रातली एक वस्तू तुमच्या घरी आहे. लागत असेल तर राहू द्या, घाई नाही. लागत नसेल तर आणून द्या. इथे एक गवंडी भिंत धरून चालतो आहे. वस्तू पुसून, धुऊन आणायची गरज नाही, ते आम्ही करतो. आणायला जमत नसेल तर कळवा, आम्ही येऊन नेऊ. आम्ही काही विचारणार नाही.*

सरांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. ‘घाई नाही’पाशी ती टेकवली. मग ‘गवंडी’पाशी नेली. शेवटच्या ओळीपाशी पेन्सिल नुसतीच थांबली. मग सरांनी ती परत खिशात ठेवली, टोक वर करून, त्यामुळे पुढे दिवसभर त्यांच्या शर्टावर एक लाल ठिपका होता.

“जसंच्या तसं जाऊ दे,” ते म्हणाले.

“कोरडं नाही ना सर?”

“पाकिटं घे लिहायला.”

तिने तेहतीसच्या जागी बत्तीस पाकिटं लिहिली. आजोबांचं वगळलं असेल, असं सर समजले. पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पत्र आलं नाही. चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी केंद्रात जाऊन ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, “आजोबांना पाठवलं नाहीस, ते बरं केलंस.”

“पाठवलं की सर. ‘लागत असेल तर राहू द्या’ आहे ना त्यात.”

“मग वगळलं कुणाचं?”

ती डिंकाची बाटली पुसत राहिली. “तुम्ही आधीच वाचलंय, म्हणून.”

सरांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं.

त्या आठवड्यात वस्तू येऊ लागल्या. कुणी रिक्षातून आणली, कुणी खांद्यावरून. एक बाई कुबड्या घेऊन आली, टेकवल्या, दोन मिनिटं बाकावर बसली आणि उठून गेली. तिला कुणी काही विचारलं नाही. अकरा वस्तू आल्या. पलंग, खुर्च्या, कुबड्या. वॉकर मात्र एकच आला आणि त्याचा पाय मोडका निघाला. गवंड्याची बायको रोज डोकावत होती.

शनिवारी सकाळी सरांनी शर्ट उचलून कपाटात, हँगरला अडकवला. वॉकर मिटला, काखेत धरला आणि ते निघाले. पलीकडच्या फुटपाथने नाही, अलीकडच्या. कुत्र्याने रस्त्यापलीकडून त्यांना पाहिलं, भुंकायला तोंड उघडलं आणि अंतर बघून मिटलं.

वाटेत सरांनी सांगायच्या गोष्टी मनात जुळवल्या. उशीर का झाला, आई कशी चालायची, शेवटच्या महिन्यात ती एकेका शब्दासाठी कशी अडून बसायची. तीन परिच्छेद सहज झाले असते. भाषाही चांगली जमली होती.

केंद्रात शेवटच्या बाकावरची मुलगी पावत्या लावत होती. गवंड्याची बायको दाराशी उभी होती. सरांनी वॉकर जमिनीवर उभा केला आणि घसा साफ केला.

सिस्टरनी वॉकर पाहिला. वही उघडली, मागची पानं चाळली, एका ओळीपुढे खूण केली. ओल्या फडक्याने त्यांनी चारही पाय पुसले, आडवी दांडी पुसली, उजवी मूठ पुसली. डाव्या मुठीशी त्यांचा हात थांबला. तिथे चिमटा होता आणि चिमट्यात पिवळं पडलेलं एक कात्रण, अर्ध्यावर सुटलेलं.

त्या काही विचारतील म्हणून सर उभे राहिले. मुलीने पावत्यांवरून मान वर केली नाही.

“सर,” सिस्टर म्हणाल्या, “एवढा चिमटा काढून देता का? मी कालच नखं कापलीत.”