मिस व्हर्नाचा ढोल शारजात

मित्रांनो, पोटात नुसती हवा आणि तोंडावर बकऱ्याचं कातडं, असा मी एक जुना ढोल आहे. कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर लाकडी पिंपापासून मला घडवलं. तेव्हा मला वाजवणं गावंढळ समजत. मिस व्हर्ना ही तिथल्या विधिमंडळातली पहिली बाई. पहिल्याच दिवशी ती मला काखेत घेऊन गेली.

"बाई, इथे कायदे करतात, ढोल नाही बडवत!" सगळे हसले.

"तुमच्या आज्या याच तालावर नाचल्या. हसताय कोणाला?" ती म्हणाली.

पुढे तिनं मला शाळाशाळांत नेलं. खूप कौतुक झालं. मग मात्र काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं मुका बसलो.

परवा आमच्या बेटाचं पथक शारजाच्या लोकवाद्य मेळाव्याला आलं. मिस व्हर्ना आता चाकाच्या खुर्चीत. पथकप्रमुख कुरकुरत होता, "वाजला तर ठीक, नाहीतर हा कायमचा कपाटात. मोबाइलवर ताल आहेच."

स्टेजचं काम शारजातच राहणाऱ्या राजनभाऊंकडे होतं. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई शुक्रवार पाळणाऱ्या. नव्या स्पीकरलाही हळदकुंकू लावून पाणी शिंपडल्याशिवाय वायर जोडू देत नाहीत. मला पाहून त्यांनी भक्तिभावानं हात जोडले आणि पळीभर पाणी थेट माझ्या तोंडावर!

कातडं सैल पडलं. राजनभाऊंनी थाप मारली. फद्द!

"अगं, काय केलंस! शो खलास!"

"आई, दॅट्स स्किन! स्पीकर नाही तो!" त्यांची लेक ओवी ओरडली.

प्रमिलाताई पांढऱ्याफटक पडल्या. "शेकायला हवा. माहेरी जत्रेत हलगी शेकतात तसा."

"हॉलमध्ये जाळ? सिक्युरिटी मलाच शेकेल!"

प्रमिलाताईंनी मला उचललं, धावत पार्किंगमध्ये नेलं आणि उन्हात तापलेल्या काळ्या व्हॅनच्या बॉनेटवर ओढणी अंथरून पालथं घातलं. शेक कमी पडला तर मी मुका, जास्त झाला तर फाटणार! काठ तडतडू लागला. त्या पुटपुटत नाम घेत, मला उचलून पुन्हापुन्हा टिचकी मारत होत्या.

"यल्ला प्रमिला, लवकर! पथकवाले मोबाइल जोडायला सांगताहेत!" राजनभाऊ दारातून ओरडले.

"थांबा हो! अजून बद्द वाजतोय."

पुन्हा टिचकी. टण्!

स्टेजवर मिस व्हर्नाचा सुरकुतलेला हात माझ्यावर पडला आणि सारं सभागृह घुमलं. पथकप्रमुखानं निमूट मोबाइल खिशात घातला.

नंतर प्रमिलाताई डोळे पुसत म्हणाल्या, "चुकलंच माझं. मी पूजा करायला गेले." ओवीनं ते इंग्रजीत सांगितलं. मिस व्हर्ना हसली. तिनं प्रमिलाताईंचा हात धरून माझ्यावर आपटला. धूम!

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं वाद्य कोपऱ्यात गप्प बसलं असेल. त्याला हात जोडा, पण आधी हात लावा. फक्त तो कोरडा असू द्या.