आजीचा हात आणि माझा पारा

मित्रांनो, मी एक जुना काचेचा थर्मामीटर आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. कुणाचे गाल लाल दिसले की मला लगेच ताप आठवतो.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या औषधांच्या दुकानातून राजेंद्रने मला आणलं, तेव्हा त्याची मुलगी पायल तान्ही होती. सात वर्षं सर्दी-खोकल्यात बरी गेली. मग तिच्या पोटरीवर गाठ आली. "पाय मुरगळलाय," म्हणत राजेंद्रच्या आईने, भागीरथीआजीने, ती दोन महिने तेलाने चोळली. मला शंका आली होती, पण ताप नसताना मला विचारतो कोण? तपासणीत स्नायूंचा दुर्मिळ कर्करोग निघाला, फुप्फुसांपर्यंत पोचलेला. तेव्हापासून घरात आजीचं कुणी ऐकेना.

केमो सुरू झाली. डॉक्टरबाईंनी बजावलं, "शंभर पॉइंट चारच्या वर ताप गेला, की लगेच घेऊन यायचं. थांबायचं नाही." एकाएकी घरात माझा शब्द शेवटचा ठरला.

चौदा एप्रिलला दुपारी पायल पांढरा फ्रॉक घालून, टकलावर निळी टोपी चढवून जयंतीच्या मिरवणुकीची वाट बघत होती. तिच्या आईने, शीलाने, मला तिच्या जिभेखाली ठेवलं. जीभ गारेगार! मला दाट संशय आला, पण मला बोलता येत नाही. पारा सत्त्याण्णववर थांबला.

"नॉर्मल आहे," शीला म्हणाली.

आजीने पायलच्या मानेला हात लावला. "पोरगी तापलीय गं."

"आई, तुमच्या हाताने एकदा झालं ते पुरे नाही का?"

आजीचा चेहरा उतरला, पण हात तिथेच राहिला. "काखेत लावून बघ. मग परत कधी नाय बोलणार मी."

शीलाने मला झटकून काखेत लावलं. एकशे दोन! पायल रडायला लागली. "मी बर्फ चोखला. ताप दिसला की तुम्ही अॅडमिट करता. मला मिरवणूक बघायची होती."

राजेंद्र धावत रिक्षा घेऊन आला. निळे झेंडे घेतलेल्या पोरांनी बाजूला होऊन वाट दिली. पायलने मिरवणूक पाहिली ती एवढीच, आजीच्या मांडीवरून.

दहा दिवसांनी ती घरी आली. उपचार अजून चालू आहेत आणि पुढचं मला ठाऊक नाही. आता शीला डबीतून मला काढण्याआधी हाक मारते, "आई, जरा हात लावून बघा."

मित्रांनो, मला जपून ठेवा, मी पडलो तर फुटेन. पण माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी त्या दिवशी खोटं बोललो होतो.