माझे अकरा स्क्रू

मी एक गिटार बोलतेय. विजेवर चालणारी, निळी, तीन पिकअपची आणि अकरा स्क्रूंची. स्क्रूंचा आकडा मुद्दाम सांगितला. तेवढा लक्षात ठेवा.

ज्या दिवशी तो फोन आला, त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर उताणी पडले होते. अंगाखाली जुनी चादर, तारा काढलेल्या, पोटावरची पांढरी प्लेट उचलून बाजूला ठेवलेली. आतली आतडी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होती. अशा अवस्थेत मला सोडून बाबा चपला शोधत होते.

"सोल्डर संपलं. कोपऱ्यावरून आणतो. हिला कोणी हात लावू नका."

आई शिलाई मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, येताना रीळ आणा. पांढरं. पांढरं तरी कळेल ना?"

बाबा हसत गेले.

पाऊण तासानं फोन वाजला. आई दोनदा "हो" म्हणाली, एकदा "कुठल्या दवाखान्यात" म्हणाली. तिनं मशीनचं बटण बंद केलं, इस्त्रीचं बंद केलं आणि गळ्यातली मोजपट्टी तशीच ठेवून बाहेर पडली. दुकानाच्या पायरीवर छातीत कळ आली म्हणून बाबा खाली बसले होते. ते पुन्हा उठले नाहीत.

त्या दिवसाचं मला एवढंच सांगता येतं. त्याच्या आधीचं मात्र पुष्कळ आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच दिवशी आम्हा चाळीस बहिणींना रंग देऊन वाळत टांगलं होतं. माझ्या पहिल्या मालकानं मला कोपऱ्यात उभं केलं आणि दोन वर्षं माझ्या मानेवर टॉवेल वाळवला. शिकायचं उद्यापासून, असं तो रोज म्हणायचा. माणसांचा उद्या फार लांबचा असतो, हे मी तिथं शिकले.

मग बाबा आले. मला घरी आणताना त्यांनी आईला सांगितलं, "मित्राची आहे. दोन दिवस ठेवायला दिलीय." ते दोन दिवस अठरा वर्षं चालले. मित्राचं नाव आईनं कधी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. संसार असाच टिकत असावा.

बाबा चष्म्याच्या दुकानात कारागीर होते. काचा घासून चौकटीत बसवायचे. तिळाएवढे स्क्रू हरवू नयेत म्हणून शर्टाच्या खिशात टाकायची त्यांना सवय. मग शर्ट धुताना बादलीत खुळखुळाट. शेवटी आईनं त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला झाकण शिवलं, वर बटण लावलं. "आता तुमचं दुकान बंद झालं की शटर ओढत जा," म्हणाली.

आणखी एक गंमत. गावाला दिसायला मदत करणाऱ्या या माणसाला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. ही गोष्ट फक्त आईला आणि मला ठाऊक होती. सकाळी शर्ट-पँटची जोडी आईच काढून ठेवायची. लेकीला वाटायचं, बाबांचे फार लाड होतात.

आता माझ्या आवाजाविषयी. पिकअप म्हणजे लोहचुंबकावर केसाहून बारीक तार हजारो वेढे गुंडाळलेली वस्तू. वरची तार थरथरली की हा ते ऐकतो आणि स्पीकरकडे पोचवतो. माझे जुने पिकअप कानानं तिखट, पण चोंबडे. नको तेही ऐकायचे. पलीकडच्या खोलीत आईनं मशीन चालू केलं, की मी इकडे "घूंऽऽ" करायला लागायचे.

"अगं, मशीन थांबव! तुझी बाही माझ्या गाण्यात शिरतेय."

"मग गाणं थांबवा. बाही उद्या द्यायचीय."

बाबांना साडेतीन गाणी येत होती. साडेतीनही मी मशीनच्या साथीनंच वाजवली.

लेक मोठी झाली, कॉलेजात गेली आणि चार मैत्रिणींचा बँड निघाला. ड्रम वाजवणारीला सगळ्या 'भूकंप' म्हणायच्या. मला पहिल्यांदा ऐकून ती म्हणाली, "हिला सर्दी झालीय का गं? आपल्याला गडगडाट पाहिजे. ही तर शिंकतेय."

मला राग आला. पण खोटं नव्हतं.

लेकीनं महिनाभर बाबांच्या मागे टुमणं लावलं. शेवटी बाबांनी नवा पिकअप मागवला. जुन्याच मापाचा, पण आत दोन गुंडाळ्या. "या दोघी एकमेकींकडे पाठ करून बसतात," बाबांनी सांगितलं. "बाहेरची गुणगुण एकमेकींची खोडून टाकतात, आणि तारांचा आवाज तेवढा दुप्पट करतात."

"म्हणजे माझं मशीन नाही ऐकू येणार?" आईनं विचारलं.

"अजिबात नाही."

"बरं झालं," आई म्हणाली. पण थोडं थांबून म्हणाली.

बाबांनी तोड काढली. तीनपैकी मागचा एकच पिकअप बदलायचा, बाकीचे दोन राहू द्यायचे. मग त्या दुपारी त्यांनी माझे अकरा स्क्रू काढले, खिशात टाकले, बटण लावलं. नव्या पिकअपला जोडणीच्या चार रंगीत तारा होत्या. काळी आणि पांढरी त्यांना कळत होती. उरलेल्या दोन त्यांनी आईसमोर धरल्या. तिनं रंग सांगितले आणि बाबांनी एकीला एक गाठ मारली, दुसरीला दोन. पुठ्ठ्यावर पेन्सिलनं आकृती काढली. जुना पिकअप सुटा केला. आणि तारांना डाग द्यायचं सोल्डर संपलं.

त्यानंतर दोन महिने मी तशीच पडून होते. माणसं भेटायला यायची आणि कुठं बघावं ते न सुचून माझ्याकडे बघायची. एका काकांनी माझ्यावर चहाचा कप ठेवला. आत्या म्हणाली, "वहिनी, हे आता उचला इथून." आई म्हणाली, "असू दे." मायलेकी ताट मांडीवर घेऊन जेवायच्या.

मग बँडची स्पर्धा आठ दिवसांवर आली.

"आई, मी दुकानात नेते. तासाभराचं काम आहे."

"त्यांनी अर्धं केलंय."

"म्हणून तर. अर्धंच राहू द्यायचं का?"

आईनं मशीन सुरू केलं. पण दुसऱ्या दिवशी सोल्डरची गुंडाळी टेबलावर होती. आणून ठेवली कोणी, हे लेकीनं विचारलं नाही. घराण्याची पद्धतच ती.

रविवारी लेक कामाला बसली. पहिल्यांदा तिनं काय केलं असेल, तर तारांच्या गाठी सोडल्या. बाबांच्या हातून गुंता झालाय, असं तिला वाटलं. मग पुठ्ठा पाहिला. त्यावर लिहिलेलं होतं: 'काळी – स्विचला. पांढरी आणि दोन गाठी – एकमेकींना जोडणे. एक गाठ – अर्थिंगला.'

लेक पुठ्ठ्याकडे पाहत राहिली. पिकअपच्या डब्यातला सूचनांचा कागद बाबांनी टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातला होता; माणसं येऊ लागली तेव्हा तो कोणीतरी झाडून टाकला होता. मोबाइलवर पाहिलं, तर दहा जणांनी दहा रंग सांगितलेले. शेवटी तिनं हिरवी पांढरीला जोडली, लाल अर्थिंगला. प्लेट चिकटपट्टीनं बसवली, तारा चढवल्या, छेडल्या.

डास! गडगडाट राहिला बाजूला, मी डासासारखी गुणगुणले. त्यात आतून आईच्या मशीनची घरघर, पूर्वीपेक्षाही मोठी. दोन गुंडाळ्या एकमेकींशी भांडत होत्या आणि मी मध्ये.

मशीन थांबलं. आई दारात आली.

"गाठी कुठायत?"

"सोडल्या. गुंता होता नुसता."

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते. ती हसत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "अगं, गुंता कसला! त्यांना लाल-हिरवं कळायचं नाही. एक गाठ हिरवी, दोन गाठी लाल. मीच सांगितले रंग."

"बाबांना? रंग?" लेकीनं तोंडाचा आ केला. "मग माझ्या फ्रॉकला ते दरवेळी 'छान आहे' म्हणायचे ते?"

"छानच होते. मी शिवलेले होते."

मग दोघी माझ्यावर वाकल्या. लेक डाग सोडवत होती, आई शेजारी बसून सांगत होती, "लाल. आता हिरवी." दिसत दोघींनाही होतं. तरी ती सांगत राहिली आणि लेकीनं सांगू दिलं.

या वेळी तार छेडली आणि कपाटावरचे डबे वाजले. मी स्वतःच दचकले. हा आवाज माझा? मागच्या बाजूनं कोणीतरी दमदार बोलत होतं. आई कानांवर हात ठेवून ओरडली, "पुरे, भिंत पडेल!"

"स्क्रू," लेक म्हणाली. "सगळं घर पालथं घातलं. मिळत नाहीयेत."

आई उठली. कपाटातून एक पिशवी काढली. दवाखान्यातून परत आलेली. आतला शर्ट तिनं धुतला नव्हता. खिशाचं बटण सोडलं, स्क्रू तळहातावर ओतले, मोजले. एक परत खिशात टाकला आणि बटण लावलं.

"आई, एक कमी पडतोय."

"असू दे. प्लेट हलत नाहीये ना?"

प्लेट हलत नव्हती.

स्पर्धेत आमचा नंबर तिसरा आला. भूकंपची एक काठी परीक्षकांच्या टेबलावर उडाली, नाहीतर दुसरा होता. आई पुढच्याच रांगेत कानात कापूस घालून बसली होती.

आता मी खोलीत कोपऱ्यात उभी असते. टॉवेल कोणी टाकत नाही. लेक रोज गडगडाट करते. पण सुरुवातीला स्विच पुढे ढकलून जुना पिकअप लावते आणि काही न वाजवता बसते. आतून मशीन चालू होतं, मी "घूंऽऽ" करते. तेवढं झालं, की स्विच मागे.

तुमच्याही घरात कोणी काम अर्धं टाकून गेलं असेल, तर ते पुरं करा. पण गाठी सोडण्याआधी घरात विचारा.

माझ्या प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात एक भोक आहे. तिथला स्क्रू लावलेला नाही.