माशाखालचा कॅमेरा

नवा फोन टेबलावर मधोमध ठेवला होता आणि आम्ही तिघं, मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसारखे, खोट काढायच्या तयारीनं त्याच्याकडे बघत होतो.

"कॅमेरा म्हणजे कमाल आहे," माझा नवरा लस्अद म्हणाला. "चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसतात."

"चंद्र रांगत जाऊन ऑलिव्हच्या बिया तोंडात घालतो का?" मी विचारलं.

आमच्या सिरीननं मागच्या महिन्यात तेच केलं होतं. ओठ निळे पडले. लस्अदनं तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या, बी टणकन फरशीवर पडली, आणि तेव्हापासून मी घरात वाकूनच चालते. स्फाक्ससारख्या ऑलिव्हच्या शहरात राहून बिया वेचत हिंडायचं म्हणजे किनाऱ्यावर राहून वाळू वेचायची. त्यात माझी नोकरी तेल तपासायच्या प्रयोगशाळेत. हंगाम लागला, घाणे घरघरायला लागले, आणि साहेबांचा निरोप आला: बाळंतपण पुरे झालं असेल तर सोमवारपासून या, नसेल तर तसं सांगून टाका.

म्हणून हा फोन. तो घरी सासूबाईंजवळ राहणार आणि मी प्रयोगशाळेतून लेकीवर नजर ठेवणार. आवडला नाही तर दुकानदार आठवड्याच्या आत परत घेणार होता. मी मनाशी पक्कं केलं होतं. फोन नापास झाला तर नोकरीही सुटली.

"लल्ला, तुम्हाला कसा वाटतो?" मी सासूबाईंना विचारलं.

लल्ला मन्नूबियांनी फोन उचलून हातात तोलला. "साबणाची वडी आहे. माझा जुना मी मांजरावर फेकला होता. मांजरही जगलं, फोनही जगला. हा फेकला तर?"

"हा फेकायचा नसतो, आई," लस्अद म्हणाला.

"मग राग आला की काय करायचं?"

फोन तोंड ओळखून उघडतो, हा लस्अदच्या मते त्याचा सर्वांत मोठा गुण. त्यानं लल्लांचं तोंड फोनला दाखवलं, फोननं ओळख ठेवली. पण संध्याकाळी कवळी काढून ठेवल्यावर तो उघडेना.

"ही कोण म्हातारी, असं वाटलं असेल त्याला," लस्अद म्हणाला.

"तुझ्या बापानं तीस वर्षं ओळखलं दातांशिवाय," लल्ला म्हणाल्या. "आणि हा कालचा पोरगा मला दात मागतो!"

माझ्या यादीत गुण कमी नव्हते. चार्जिंग दोन दिवस टिकतं. घंटा अशी वाजते की समोरच्या घरातले उठून दार उघडतात. दोष म्हणजे हातातून निसटतो, आणि स्वतःला घरातला शहाणा समजतो. तो दोष या घरात आधीच एकात होता, म्हणून मी चालवून घेतला.

सोमवारी मी कामावर गेले. तेलाचा निळा प्याला तळहातात धरून ऊब दिली, वास घेतला, घोट घेतला. कडवटपणा किती आहे ते जिभेला कळेचना. प्याला ठेवला आणि घरी व्हिडिओ कॉल लावला.

पडदा काळाकुट्ट.

"लल्ला, मला काहीच दिसत नाहीये!"

"मला तू दिसतेस. तोंड बघ केवढंसं झालंय. खाल्लंस का काही?"

"सिरीन कुठाय?"

"इथंच आहे."

तेवढ्यात धप्पकन काहीतरी पडलं आणि पोरीनं भोकाड पसरलं.

"काय झालं? काय पडलं?"

"बसीसाचं भांडं. आता ठेव बाई, मला दोनच हात आहेत." फोन बंद.

पुन्हा लावला. पुन्हा काळोख, काळोखात माझी मुलगी रडतेय, आणि चंद्रावरचे खड्डे दाखवणारा हा फोन घरातलं एक पोर दाखवत नाही. मी ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि बाहेर पळत जाऊन पिवळी टॅक्सी पकडली.

"ताई, आग लागलीय का कुठे?" ड्रायव्हरनं विचारलं.

"घरात अंधार आहे."

त्यानं डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिलं, आरशात माझ्याकडे पाहिलं, आणि मग फक्त समोर पाहून गाडी चालवली.

घरी सिरीन नखशिखान्त बसीसाच्या गोड पिठानं माखून, स्वतःचा अंगठा चाटत बसली होती. मी तिला उचललं, तोंडात बोट फिरवलं, हिरड्या तपासल्या. मग फोन खोक्यात भरायला घेतला. आजच्या आज परत. आणि तेव्हा तो दिसला. चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचा नखाएवढा मासा, कातरून, सुईनं डोळा पाडून, नेमका पुढच्या कॅमेऱ्यावर चिकटवलेला.

"लल्ला, हे काय?"

"मासा."

"तो दिसतोय मला!"

"मग विचारतेस कशाला? एवढी महागाची वस्तू आणली, एवढं गोड लेकरू त्यात दाखवायचं, आणि नजर लागू नये म्हणून साधा मासा नाही? दुकानदारानं द्यायला हवा होता."

"पण या फोनमधून शेजारणी थोड्याच बघणार आहेत? मी बघणार, तिची आई!"

"म्हणूनच लावला." लल्ला पोरीचे हात पुसत राहिल्या. "मालाला नजर लागते ती मालकाचीच. शेजारीण बघते आणि विसरून जाते. तू बघतेस ती सोडतच नाहीस. अशानं दगडाला तडा जाईल, ती तर पोर आहे."

"मी रसायनशास्त्र शिकलेय, लल्ला. डोळ्यातून काही बाहेर पडत नाही."

"बरोबर. त्या दिवशीही तू समोर बसून बघत होतीस. बघून बी बाहेर आली का?"

लल्लांनी मानेनंच कपाटाकडे खूण केली. कपाटावर, पोरीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक वाडगा काठोकाठ भरलेला. नुसत्या बिया. वर्षभराच्या बरणीतलं एकेक ऑलिव्ह त्यांनी सकाळपासून अंगठ्यानं फोडलं होतं. अंगठा काळा पडला होता.

"हे तुला फोनमध्ये दिसलं असतं का?" त्या म्हणाल्या.

रात्री जेवताना लस्अदनं चाचरत विचारलं, "मग, फोन ठेवायचा ना?"

"फोनचं बघू," मी म्हटलं. "तुझी आई ठेवायची."

तह झाला तो असा. मासा राहणार, पण फक्त शेपटीला चिकटवलेला, झाकणासारखा. आधी मी, नजर लागू नये म्हणून म्हणतात तसं, पाच बोटं दाखवून मोठ्यानं 'पाच आणि मासा' म्हणायचं, मगच झाकण उघडणार.

मंगळवारी प्रयोगशाळेत तेलाच्या बाटल्यांसमोर उभी राहून मी कॉल लावला. पडदा काळा.

"म्हण," काळोखातून आवाज आला.

सगळे सहकारी प्याले खाली ठेवून माझ्याकडे बघत होते.

"पाच आणि मासा!" मी म्हटलं.

चांदीचा मासा वर उचलला गेला. उजेड आला. बिनदातांच्या लल्ला, आणि त्यांच्या मांडीवर बिनदातांची सिरीन, दोघी तोंड पसरून हसत होत्या.

"पाहिलंस ना? आता जा, तेल चाख," लल्ला म्हणाल्या आणि मासा खाली पडला.

मी प्याला उचलला. तेल कडू होतं, घशाला झोंबणारं, म्हणजेच पहिल्या प्रतीचं. तसं मी कागदावर लिहिलं.